धोरण कंपनीचं, माणूस ठेकेदाराचा

मोठ्या कंपन्या मानवी हक्क आणि कामगार हक्कांबद्दल लेखी बरंच काही कबूल करतात. ते प्रत्यक्ष कुठपर्यंत पोचतं, याबद्दल मराठवाड्यातून आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : वाळूजला आमचं प्रेस शॉप आहे. कायम कामगार २२, ठेकेदाराचे ४०. आम्ही ज्या कंपनीला पत्र्याचे सुटे भाग देतो, तिने चौदा पानांची आचारसंहिता आणि लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. सल्लागार म्हणतो, सगळीकडे ‘होय’ टाका आणि मोकळे व्हा. खरं काय करावं?

उत्तर : सल्लागाराची फी वाचवा. प्रश्नावली तुमच्या सहीने जाते. उद्या कुणाचं बोट गेलं किंवा तक्रार झाली, की तोच ‘होय’ खोट्या माहितीचा पुरावा म्हणून तुमच्यासमोर ठेवला जाईल.

हा कागद आताच का येतोय, ते आधी बघा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ मध्ये व्यवसाय आणि मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यानुसार कंपनीची जबाबदारी तिच्या गेटपाशी संपत नाही. तिच्या मालाच्या साखळीत कुठे कुणाचा हक्क मारला जातोय, हे तिने स्वतः शोधायचं असतं. ही तत्त्वं ऐच्छिक होती, पण कायदे मागून आले. ब्रिटनचा २०१५ मध्ये, नॉर्वेचा २०२२ मध्ये, जर्मनीचा २०२३ मध्ये. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून ‘बीआरएसआर’ हा जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. पुण्याच्या किंवा जर्मनीच्या कंपनीला उत्तर द्यायचं असतं, म्हणून ती तुम्हाला विचारते.

आता कामाचं. गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येकाची यादी करा. त्यात कायम, ठेक्याचे, शिकाऊ, सिक्युरिटी, कँटीनवाला, सफाईवाली आणि टेम्पोचा हेल्पर असे सगळे धरा. बहुतेक ठिकाणी ही यादी कुणाकडेच नसते.

मग मागच्या एका महिन्याचे तीन कागद शेजारी ठेवा : गेटवरचं रजिस्टर, हजेरीपट आणि पगारपत्रक. कुठलीही दहा नावं उचला आणि रोजची वेळ ताडून बघा. फरक निघणारच, आणि तो सहसा ओव्हरटाइममध्ये निघतो. गेटवर माणूस रात्री साडेआठला बाहेर पडलेला दिसतो, हजेरीपटावर साडेपाचला. मधले तीन तास रोखीने आणि सिंगल दराने दिलेले असतात. कायद्याने दर दुप्पट आहे. ज्याचा महिन्याचा पगार १३,००० आहे, त्याचे २६ दिवसांनी भागून ५०० रुपये रोज आणि तासाला साडेबासष्ट होतात. दुप्पट म्हणजे १२५. महिन्याला ४० तास धरले तर त्याचे ५,००० व्हायला हवेत, हातात पडतात २,५००. असे चाळीस कामगार असले तर महिन्याला लाखभर रुपये थकतात. प्रश्नावलीतल्या ‘वेतन कायद्याप्रमाणे दिलं जातं का?’ या ओळीत हा लाख रुपये लपलेला असतो.

तिसरी गोष्ट मशिनवर उभं राहून बघा. पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, म्हणजे दट्ट्या खाली येताना हात आत राहू नये. पाळी संपायच्या तासाभर आधी जा. कुठे एक बटण काडी खोचून किंवा टेप लावून दाबून ठेवलेलं असेल, कुठे सेन्सरची वायर काढलेली असेल. यासाठी कामगाराला झापू नका. तासाचे नग किती ठरवलेत ते तपासा. दोन्ही बटणं वापरून ते नग निघतच नसतील, तर बोट तुमच्या टार्गेटमुळे जाणार आहे.

चौथी, मुक्काम. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्येच हातमोज्यांच्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. बाहेरगावच्या पोरांना शेडमध्येच झोपू देणं ही आपल्याकडे मदत समजली जाते. ती बंद करा किंवा वेगळी खोली द्या. रात्री बाहेरून कुलूप तर कुठल्याही कारणाने नको.

एवढं झाल्यावर प्रश्नावली भरा. जिथे नाही, तिथे ‘नाही’ लिहा आणि समोर ते कधीपर्यंत दुरुस्त होईल ती तारीख टाका. जाणत्या कंपनीला तारखेसह लिहिलेलं ‘नाही’ चालतं. सोबत एक उलटा प्रश्नही पाठवा : शनिवारी संध्याकाळी वेळापत्रक बदलून सोमवारी सकाळी माल मागितला, तर रविवारचा ओव्हरटाइम कुणाच्या खात्यावर धरायचा? वर सांगितलेल्या तत्त्वांत गिऱ्हाईक कंपनीच्या स्वतःच्या खरेदीच्या सवयीही येतात. आचारसंहिता पाठवणारा विभाग आणि दर पाडणारा खरेदी विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांचं जुनंच दुखणं आहे.

प्रश्न : शेंद्र्याच्या एका मोठ्या कंपनीत मी ठेकेदारामार्फत चार वर्षं आहे. पगारातून पीएफ कापतात, पण खात्यात अकरा महिन्यांचे पैसे नाहीत. कंपनी म्हणते, तुम्ही आमचे नाही. ठेकेदार म्हणतो, कंपनीने बिल अडवलंय.

उत्तर : दोघांचंही म्हणणं कायद्यापुढे टिकत नाही. पीएफ योजनेत ठेकेदाराच्या कामगारांचा दोन्ही बाजूंचा वाटा भरला जातोय हे बघण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे कंपनीची आहे. ठेकेदाराने भरलं नाही तर कंपनीने भरायचं आणि त्याच्या बिलातून वसूल करायचं. पगाराचंही तसंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनीही ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाला जबाबदार धरलं आहे. बिल अडल्याची सबब कामगाराला सांगायची नसते.

उमंग अ‍ॅपवरून पासबुक काढा आणि कोरे महिने अधोरेखित करा. त्याच महिन्यांच्या पगारस्लिपा जोडा. स्लिप देत नसतील तर बँकेचा उतारा आणि गेटपासचा फोटो चालेल, कारण तुम्ही त्या काळात तिथेच कामाला होता एवढंच सिद्ध करायचं आहे. मग ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. त्यात ठेकेदाराचं नाव आणि पीएफ कोड लिहाच, पण मुख्य मालक म्हणून कंपनीचं नाव आणि पत्ताही लिहा. बरेच जण इथेच चुकतात. फक्त ठेकेदाराचं नाव दिलं की नोटीस त्याच्या बंद गाळ्यावर जाते आणि परत येते. पोर्टल जमत नसेल तर ईपीएफओचं ‘निधी आपके निकट’ शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरतं. सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे कागद घेऊन जा.

आणि एटीएम कार्ड ठेकेदाराकडे ठेवलं असेल तर आजच परत घ्या. मूळ ओळखपत्रं किंवा अशा मोलाच्या वस्तू ठेवून घेणं हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषांत सक्तीच्या मजुरीचं लक्षण आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यातून (जि. बीड) दरवर्षी दसऱ्यानंतर टोळ्या जातात. ज्या कारखान्यांना आम्ही ऊस तोडून देतो, त्यांची साखर शीतपेयांच्या आणि बिस्किटांच्या मोठ्या कंपन्या घेतात. त्यांची मानवी हक्कांची धोरणं चांगलीच असतील. ती फडापर्यंत येतात का?

उत्तर : अजून फारशी नाही. का येत नाहीत, ते बघण्यासारखं आहे.

कंपन्या सांगतात की साखर गोदामात मिसळते, कोणत्या पोत्यात कुठला ऊस हे कळत नाही. पोत्याचं ठीक आहे. पण कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती बघा. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, गट, वाहन आणि तोडणी-वाहतूकदाराचा कोड असतो. कारखाना त्याच कोडवर तोडणीचे पैसे काढतो आणि तोच खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा करतो. म्हणजे कोणाच्या टोळीने किती टन तोडलं, याचा हिशोब रोजच्या रोज कारखान्याकडे आहे. साखर घेणाऱ्या कंपनीने मागितला तर तो मिळेल. बहुतेक मागत नाहीत, कारण मागितल्यावर जे दिसेल त्याची जबाबदारी अंगावर येते.

दिसणार काय? उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ घेतलेले पैसे. मुकादम वाहतूकदाराकडून घेतो, जोडी मुकादमाकडून घेते, आणि हंगामभर टनामागे ती फिटत जाते. हिशोबाची वही एकट्या मुकादमाकडे असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाईच्या नावाने वेगळी मजुरी कुठेच लिहिली जात नाही. आजारपणात दिवस पडला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत वाढतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आणि खाडा यांचं नातं तेव्हा सगळ्यांसमोर आलं.

कायद्याची बाजू कच्ची नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. उचल दिली म्हणून माणसाला काम सोडून जाता येत नसेल, तर तो वेठबिगार ठरतो आणि ते कर्ज कायद्याने संपतं. १९८२ च्या एशियाड बांधकाम कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेलं काम हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी आहे. कुणाला अडवून ठेवलं असेल तर अर्ज ज्या जिल्ह्यात अडवलंय तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करा, आणि सुटकेचा दाखला हातात घेतल्याशिवाय गावाकडे निघू नका. त्या दाखल्यावाचून पुनर्वसनाची मदत अडकते.

साखर घेणाऱ्या कंपनीला मनापासून काही करायचं असेल तर कामं साधी आहेत. उचलीच्या वहीची दुसरी प्रत जोडीकडे असावी आणि दर पंधरवड्याला त्यात टन आणि वजावट लिहून सही व्हावी. मजुरीचा अर्धा हिस्सा बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात जावा. खाड्याचा दंड करारातूनच काढावा. कोप्यांच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांच्या, तळावर पाणी, दिवा आणि आडोशाचं शौचालय हवं, आणि लेकरांची नावं जवळच्या अंगणवाडी-शाळेत हवीत. याचा खर्च कारखान्यावर ढकलून दर तेवढाच ठेवला तर काहीच होणार नाही. साखरेच्या खरेदीदरात तो धरावा लागतो.

तपासणी कधी होते, तेही विचारा. जुलैत कारखान्याच्या ऑफिसात बसून फायली बघितल्या तर सगळं छान दिसतं, कारण तेव्हा फडात माणूसच नसतो. जानेवारीत, पहाटे, डोकी सेंटर (जिथे मोळ्या डोक्यावरून वाहनात भरतात) आणि गाडी सेंटर (जिथे ऊस बैलगाडीने नेतात) दोन्हीकडे माणूस पाठवावा. बाईशी बाईने बोलावं, आणि मुकादम जवळ नसताना बोलावं.

तुमच्याकडून एक काम : गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकाकडून नोंदणी करून ओळखपत्र घ्या, जोडीतल्या दोघांचं वेगवेगळं.

प्रश्न : जालन्याला स्टीलच्या कारखान्यात मी सुरक्षा विभागात आहे. बाहेरच्या संस्थेच्या ऑडिटमध्ये उत्तम शेरा मिळाला आणि पुढच्याच महिन्यात भट्टीवर उसळी होऊन दोघे भाजले. मग ऑडिट बघतं तरी काय?

उत्तर : कागद बघतं. कराचीत सप्टेंबर २०१२ मध्ये एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्या कारखान्याला काही आठवडे आधीच कामगारांना नीट वागवलं जातं असं सांगणारं एसए ८००० हे नावाजलेलं प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्या वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून १,१३४ माणसं गेली. तिथल्या काही कारखान्यांचीही आधी सामाजिक तपासणी झालेली होती, पण इमारतीचे खांब बघणं त्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. तपासणीची तारीख आधी कळते, फी बहुधा कारखानाच भरतो, आणि त्या दिवशी ठेक्याची माणसं सुट्टीवर असतात.

विजेवर भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत उसळीची नेहमीची दोन कारणं तुम्हाला ठाऊकच असतील : ओलं भंगार आणि तोंड बंद असलेली नळी किंवा सिलिंडर. वितळलेल्या लोखंडाखाली पाण्याची वाफ झाली की क्षणात फुगून सगळं वर उडतं. म्हणजे धोका भट्टीवर दिसतो, पण तो भंगाराच्या यार्डात तयार होतो. तिथे भंगार निवडणारे बहुधा ठेक्याचे, नगावर किंवा टनावर काम करणारे असतात. पावसाळ्यात यार्डावर छप्पर आहे का, बंद नळ्या कापायला वेगळा माणूस आणि वेळ दिलाय का, शंका आली तर चार्ज, म्हणजे भट्टीत भंगार टाकणं, थांबवायचा अधिकार भट्टीवरच्या माणसाला आहे का, आणि थांबवल्यावर त्याचे पैसे कापले जातात का, हे चार प्रश्न तुमच्या अंतर्गत तपासणीत घाला. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

थोडक्यात निसटलेल्या घटनांची वही ठेवा. तिच्यात महिनाभर एकही नोंद नसली तर लोक लिहायला घाबरतायत असं समजा.

प्रश्न : लातूरच्या एका डाळ मिलमध्ये आम्ही सात बायका निवडणीचं काम करतो. एकूण माणसं नऊ. मालकाचा भाऊ त्रास देतो. कंपनीत समिती नाही म्हणतात.

उत्तर : दहापेक्षा कमी माणसं असली की अंतर्गत समिती लागत नाही, पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुम्हाला लागू आहेच. जिल्ह्याला स्थानिक समिती असते आणि तालुक्याला नोडल अधिकारी. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्या. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. सहा प्रती द्यायच्या असतात, साक्षीदारांची नावं त्यातच लिहा. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्याची मदत समितीने करायची आहे. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. चौकशी चालू असताना रजा मिळू शकते, तशी मागणी अर्जातच करून टाका.

प्रश्न : आमच्या कारखान्याचा माल युरोपात जातो. तिथल्या कंपनीच्या वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म आहे. मराठवाड्यातून केलेल्या तक्रारीचं काही होतं का? नोकरी जाण्याची भीती आहे.

उत्तर : होऊ शकतं, पण तक्रार त्यांच्या मालाशी जोडता आली पाहिजे. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढ्याचं काही होत नाही. पार्ट नंबर, खोक्यावरचं लेबल, लाइन, पाळी आणि तारखा लिहा. वर सांगितलेल्या जर्मन कायद्याने मोठ्या कंपनीला तक्रारीची अशी यंत्रणा ठेवावी लागते आणि ती थेट पुरवठादारापलीकडच्या कामगारालाही खुली असावी लागते. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं आणि त्याच्यावर सूड उगवला जाऊ नये हे बघायचं, हेही त्यातच आहे. वार्षिक अहवालाची सक्ती काढण्याच्या आणि दंडाच्या तरतुदी कमी करण्याच्या हालचाली तिथे २०२५ मध्ये सुरू झाल्या, पण तक्रार यंत्रणेची अट त्या मसुद्यात काढलेली नव्हती. नॉर्वेत तर कोणीही लेखी माहिती मागितली की कंपनीने तीन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. तक्रार नव्हे, नुसता प्रश्न विचारायलाही हा रस्ता चांगला.

भीती खोटी नाही. तक्रारीआधी तुमची हजेरी, बढती आणि मेमो यांची प्रत घरी ठेवा. नंतर अचानक मेमो सुरू झाले तर फरक दाखवता येतो. पाचसात जणांनी मिळून किंवा युनियनमार्फत तक्रार केलेली बरी. आणि आधी घरचा दरवाजा ठोठावा. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तक्रार निवारण समिती लागते. दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे, जास्तीत जास्त दहा, आणि निकाल तीस दिवसांत. समितीकडे दिलेल्या अर्जाची पोच युरोपातल्या तक्रारीला जोडली की वजन वाढतं.

प्रश्न : मी परभणीला राहतो, काही कंपन्यांचे थोडे शेअर आहेत. बीआरएसआर अहवाल शंभर पानांचा असतो. कामगारांसाठी त्यात नेमकं काय बघायचं?

उत्तर : तीन जागा पुरतात. पहिला विभाग : कायम कामगार किती आणि ‘कायम नसलेले’ किती. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर पुढचा प्रत्येक तक्ता फक्त कायम लोकांचा आहे की सगळ्यांचा, हे तपासत चला.

पुढचा अहवाल तत्त्वांनुसार विभागलेला असतो. त्यातलं तिसरं तत्त्व : अपघातांचा दर. तो दहा लाख कामाच्या तासांमागे मोजतात. ५०० माणसं, ३०० दिवस, रोज आठ तास म्हणजे बारा लाख तास. काम बुडवणारे सहा अपघात झाले तर दर पाच. कारखान्यात मजुरांची गर्दी आहे आणि दर सलग शून्य आहे, असं दिसलं तर ठेक्याच्या लोकांचे तास आणि अपघात दोन्ही बाहेर राहिले असण्याची शक्यता मोठी.

पाचवं तत्त्व मानवी हक्कांचं. किमान वेतनाइतकंच मिळणारे किती टक्के, जास्त मिळणारे किती टक्के, आणि वर्षभरातल्या तक्रारी. वीस हजार कामगारांत वेतनाची एकही तक्रार नाही, असं छापलेलं असलं तर तक्रारपेटी कुठे लावली आहे, ते विचारावंसं वाटतं. पुरवठादारांची तपासणी किती टक्के झाली, हा रकाना ‘नेतृत्व निर्देशक’ या ऐच्छिक भागात असतो. बऱ्याच कंपन्या तो कोरा सोडतात.

एक शेअर असला तरी वार्षिक सभेत विचारता येतं. सभा ऑनलाइन असेल तर आधी वक्ता म्हणून नोंदणी करावी लागते. मुदत सभेच्या सूचनेत दिलेली असते. प्रश्न आधी मेलने पाठवा आणि एकच आकडा मागा : ‘गेल्या वर्षी किती ठेकेदारांच्या पीएफ चलनांची कामगारांच्या नावानिशी पडताळणी केली, आणि किती जणांची बिलं त्यामुळे रोखली?’